बर्फांत उकळलेला ब्रेक



बाहेर पारा शून्याखालीं दहा-बारा अंश उतरला आहे, भोंवतालीं कमरेइतका बर्फ सांचला आहे, आणि अशा ठिकाणीं एका यंत्राच्या पोटांतलें तेल उष्णतेनें उकळत आहे, असें माझ्या छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत एखाद्या मुलानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें असतें, तर मीं त्यापुढें निःसंशय भोपळा काढला असता. दोन वर्षांपूर्वीं अमेरिकेंत तो भोपळा माझ्याच पदरांत पडला. ती हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत मोटारसायकलच्या ब्रेकची आहे. परंतु ज्यांच्या दारांत साधी स्कूटर उभी असते त्यांनाहि तींतून कांहीं घेण्यासारखें सांपडेल, असें मला वाटतें.

माझी मुलगी व जांवई आयडाहो राज्यांत बॉयसी या शहरीं राहतात. जांवईबापू इंजिनियर आहेत, पण संगणकाचे. नट-बोल्टांशीं त्यांचा संबंध केवळ हौसेचा. मी तर मॅट्रिक झालेला शाळामास्तर. माझें पदार्थविज्ञान शालेय पुस्तकाच्या पुठ्ठ्याबाहेर कधीं गेलें नाहीं. हिवाळ्यांत जांवईबापू एक चमत्कारिक वाहन घेऊन डोंगरांत जातात. खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर चालवावयाची जी उंच, हलकी मोटारसायकल असते तिला तिकडे डर्ट बाइक म्हणतात. बर्फ पडूं लागला कीं, तिचें पुढचें चाक काढून त्या जागीं एक रुंद स्की बसवितात, आणि मागचें चाक काढून तेथें रणगाड्याला असतो तसा, पण रबराचा, दांतेरी लांब पट्टा बसवितात. हा सांगाडा तयार मिळतो. या धंद्यांत नांवाजलेली टिंबरस्लेड कंपनी याच राज्याच्या उत्तर भागांत सँडपॉइंट या गांवीं निघाली व २०१५ मध्यें पोलारिस या मोठ्या कंपनीनें ती विकत घेतली. २०१७ मध्यें कोलोरॅडोंतील अ‍ॅस्पेन येथें एक्स गेम्स नांवाचे साहसी खेळ झाले, त्यांत या वाहनांची शर्यतहि प्रथमच ठेवण्यांत आली होती. सांगावयाचा मुद्दा हा कीं, हें कोणा एका तऱ्हेवाईक माणसाचें खेळणें नव्हे.

या फेरबदलांत मात्र एक गोष्ट अशी घडते कीं, ती नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. साध्या मोटारसायकलला दोन स्वतंत्र ब्रेक असतात, पुढचा हाताचा व मागचा पायाचा. एक फसला तर दुसरा हाताशीं असतो. येथें पुढें चाकच उरलें नाहीं, तेव्हां पुढचा ब्रेक काढून ठेवावा लागतो. उरतो तो एकटा मागचा. त्याची तबकडी आतां पट्टा फिरविणाऱ्या दांड्याशीं जोडलेली असते. मूळची आंखूड नळी जाऊन लांब नळी येते. आणि पूर्वीं उघड्या वाऱ्यावर गरगरणारी तबकडी सांगाड्याच्या आडोशाला जाते. सपाटीवर याचें कांहींच वाटत नाहीं. भुसभुशीत बर्फ स्वतःच इतका अडवितो कीं, मूठ ढिली करतांच वाहन थोड्या अंतरांत थांबतें. उतार लागला म्हणजे मग सारा जीव त्या एका पेडलवर.

बॉयसीच्या उत्तरेस सुमारें १६० किलोमीटरवर मॅककॉल नांवाचें गांव आहे. तेथें आम्ही सर्वजण चार दिवस एक घर भाड्यानें घेऊन राहिलों होतों. जांवईबापूंनीं आग्रहानें मलाहि डोंगराच्या पायथ्याशीं नेलें. ते वर गेले. मी मोटारींत बसून थर्मासमधला चहा सांभाळीत होतों. तासाभरानें यावयाचे ते दीड तास झाला तरी येईनात. आले तेव्हां डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे झालेले. उतरतांना एका वळणापाशीं पेडलवर पाय दिला, तों तें कापसाच्या उशीवर पाय द्यावा तसें खालीं गेलें, ब्रेक नाहीं, खालीं दरी. प्रसंगावधान राखून त्यांनीं वाहन डाव्या अंगाच्या मऊ बर्फाच्या ढिगांत घातलें, म्हणून निभावलें. मी वांकून पाहूं लागलों, इतक्यांत त्यांच्या कोटावरला बर्फाचा एक गोळा आडोशामागच्या तबकडीवर पडला आणि तव्यावर पाणी शिंपडावें तसा चर्र आवाज होऊन नाहींसा झाला. माझ्या मुलीला यांतलें कांहीं सांगूं नये, असें मला बजावण्यांत आलें. मीं त्या वेळीं तें पाळलें.

संध्याकाळीं गॅरेजमध्यें पेडल दाबून पाहिलें, तर तें चांगलें घट्ट. जणूं कांहीं झालेंच नव्हतें. दुखणेकरी वैद्याच्या पायरीवर पोंचतांच बरा व्हावा, तशी गत झाली.

आतां थोडें शास्त्र सांगावयास हवें. पास्काल हा फ्रेंच गणिती १६२३ मध्यें जन्मला व १६६२ मध्यें, चाळिशीहि गांठण्यापूर्वीं, वारला. द्रवांच्या समतोलावरील त्याचें लेखन त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं छापून निघालें. कोंडलेल्या द्रवाला एके ठिकाणीं दाबलें, तर तो दाब जसाच्या तसा सर्व दिशांना पोंचतो, हा त्याचा नियम. १९२१ मध्यें अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांना या तत्त्वाचे ब्रेक बसले आणि पुढें ते सर्वत्र झाले. समजा, पायाचा जोर १० किलो आहे. पेडलची तरफ तो पांचपट करते. म्हणजे मास्टर सिलिंडर नांवाच्या नळकांड्यांतील दट्ट्यावर ५० किलोंचा जोर येतो. या दट्ट्याचें क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर धरूं. तोच दाब नळींतून तबकडीशेजारच्या चिमट्यांत पोंचतो. मेकॅनिक त्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. त्याच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर तेथें २५० किलोंचा जोर मिळतो व दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनीं आवळतात. मात्र या व्यवहारांत फुकट कांहीं मिळत नाहीं. जोर पांचपट झाला तर चाल एकपंचमांश होते. इकडचा दट्ट्या १० मिलिमीटर सरकावा, तेव्हां तिकडचा दोनच सरकतो.

म्हणजे पेडलच्या एका पूर्ण दाबांत आपण किती तेल ढकललें? अवघें १ घन सेंटिमीटर. आतां त्या नळींत अर्धा घन सेंटिमीटर हवा, मोठ्या वाटाण्याएवढा एक बुडबुडा, अडकला आहे असें समजा. तेल दबत नाहीं, हवा दबते. बॉइलच्या नियमानें ५० पट दाबाखालीं तो बुडबुडा आपल्या आकाराच्या पन्नासाव्या हिश्शाइतका होतो. अर्थात् पेडलची निम्मी चाल तो बुडबुडा दाबण्यांतच खर्च झाली. एका वाटाण्यानें अर्धा ब्रेक खाल्ला! मऊ पेडल म्हटलें कीं मेकॅनिक प्रथम हवेचा संशय घेतात तो याचमुळें, आणि दहांतील आठ वेळां तो खरा ठरावा. नवा सांगाडा बसवितांना नळी सोडावी लागते. सोडली कीं हवा शिरलीच.

आम्हींहि पहिल्या रात्रीं हवाच काढली. रीत सोपी आहे, पण घाई चालत नाहीं. कॅलिपरवर एक लहानसें निपल असतें. त्याला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावयाचें. एकानें पेडल हळूच दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल पान्यानें पाव वळसा उघडावें, बुडबुडे व तेल बाहेर पडूं द्यावें, आणि पेडल वर येण्याच्या आधीं निपल बंद करावें. हा क्रम चुकला कीं बाहेरची हवा उलट आंत ओढली जाते. वरच्या टांकींतलें तेल संपूं द्यावयाचें नाहीं. हें आम्हीं वीस-पंचवीस वेळां केलें, तरी मधूनच एखादा बुडबुडा येतच राहिला. मग माझें लक्ष नळीच्या मार्गाकडे गेलें. ती लांब नळी सांगाड्यावरून जातांना मध्यें उंटाच्या पाठीसारखी उंच झाली होती, व निपल तिच्याहून खालीं होतें. हवेचा धर्म वर चढण्याचा. ती त्या उंचवट्यांत बसून राहिलेली, आणि आम्ही खालून तिला बोलावीत होतों. येथें दोन उपाय आहेत. कॅलिपर सोडून, पॅडांच्या मध्यें लांकडी ठोकळा घालून, निपल सर्वांत उंच येईल असा धरावा. नाहीं तर सिरिंजनें खालून वर तेल भरावें, म्हणजे हवेला तिच्या स्वभावाप्रमाणें वर टांकीकडे जातां येतें. टांकी भरून वाहूं लागण्यापूर्वीं वरचें तेल तेवढें काढून घ्यावें. आम्हीं दुसरा उपाय केला. सिरिंज माझ्या नातीला औषध पाजण्याची होती. सकाळीं तिचा शोध सुरूं झाला, आणि माझ्या मुलीला सगळा इतिहास कळला, तो असा. (ब्रेकचें तेल विषारी असतें, ती सिरिंज नंतर अर्थातच फेकून दिली.) सोडलेल्या जोडांवरचे तांब्याचे वॉशर मात्र जुने वापरूं नयेत; एकदां चेपलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाहीं आणि तेथूनच थेंब-थेंब गळती लागते.

हवा गेली. पेडल दगडासारखें झालें. आम्ही खूष होऊन झोंपलों. दुसऱ्या दिवशीं, उतार लागण्याच्याहि आधीं, पेडल पुन्हां बुडालें.

या वेळीं मात्र मीं शाळेंत मुलांना सांगत असें तें स्वतःस सांगितलें: आधीं काय दिसलें तें लिही, मग कारण शोध. रात्रीं पेडल घट्ट, डोंगरावर मऊ, घरीं आणतां पुन्हां घट्ट. आंत अडकलेली हवा थंडीनें विरून जात नाहीं, वाफ विरते. आणि तबकडीवर बर्फ चरचरला होता. म्हणजे आंत कांहीं तरी उकळत होतें, आणि निवलें कीं पुरावा नाहींसा होत होता.

ब्रेकचें तेल हें नांवाचेंच तेल आहे. नेहमींच्या वापरांतील डॉट ३, डॉट ४ व डॉट ५.१ हे तिन्ही प्रकार ग्लायकोल-ईथर जातीच्या द्रवांचे असतात आणि मिठाप्रमाणें ते हवेंतली ओल शोषून घेतात. डॉट ४ चा ताजा, कोरडा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये असें प्रमाण आहे, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. शेंकडा चार भागांहून कमी पाणी, आणि पाऊणशें अंशांचा फरक! जांवईबापूंनीं जें तेल घातलें होतें, ती बाटली आदल्या हिवाळ्यांत फोडून गॅरेजच्या फळीवर अर्धी ठेवलेली होती. इतकें समजलें, तरी मुख्य प्रश्न उरतोच. दीडशें अंशांची उष्णता त्या बर्फांत आली कोठून? ब्रेक तर त्यांनीं वर चढतांना दाबलाच नव्हता.

मीं त्यांना सपाट वाटेवर, ब्रेकला पाय न लावतां, चारपांच किलोमीटर जाऊन येण्यास सांगितलें. ते आले. इंजिन बंद करून मागचा भाग उचलून धरला. एरवीं दोन हातांनीं ओढल्यास जड कां होईना पण फिरणारा पट्टा तसूभर हालेना. ब्रेक लागूनच राहिला होता! भुसभुशीत बर्फाचा अडथळा आधींच इतका असतो कीं, त्यांत ही ओढ चालविणाऱ्याला जाणवत नाहीं. इंजिन बिचारें निमूटपणें दोन्ही ओझीं वाहतें. आतां दोष कॅलिपरमध्यें कीं वर? याची एक सुंदर कसोटी आहे. डोळ्यांवर चष्मा चढवून, हात जपून, निपल किंचित् उघडावें. पट्टा मोकळा झाला, तर कॅलिपर निर्दोष आहे, वरून येणारा दाबच अडकून पडला आहे असें समजावें. मोकळा झाला नाहीं, तर कॅलिपरचे दट्टे किंवा तो ज्यांवर सरकतो त्या खुंट्या गंजानें अगर बर्फानें धरल्या आहेत. आमच्या निपलांतून गरम तेलाची चिळकांडी उडाली आणि पट्टा सुटला.

दोष वरच होता. आणि तो एका छिद्रापाशीं होता. मास्टर सिलिंडरच्या वर तेलाची लहान टांकी असते. टांकींतून नळकांड्यांत उतरणारें एक छिद्र सुईच्या टोंकाएवढें असतें. पाय उचलला कीं दट्ट्या पूर्ण मागें येतो, त्याची रबरी वाटी या छिद्राच्या मागें सरते आणि छिद्र उघडें होतें. मग नळींतलें तेल गरम होऊन फुगलें, तर जादा भाग त्या वाटेनें टांकींत परत जातो. आतां पेडल जर केंसभरहि दाबलेलें राहिलें, तर वाटी छिद्रावर बसते व परतीची वाट बंद होते. तेल थोडें तापतें, फुगतें, जाण्यास जागा नाहीं, म्हणून पॅड तबकडीवर टेंकतात. टेंकले कीं घर्षण, घर्षणानें आणखी उष्णता, उष्णतेनें तेल आणखी फुगतें, पॅड आणखी आवळतात. चालविणाऱ्यानें पाय न लावतां ब्रेक आपला आपण लागत जातो आणि शेवटीं तेलांतलें पाणी उकळून वाफ होते. नेमक्या त्या क्षणीं पेडल मऊ पडतें. इतका वेळ नको तेव्हां लागलेला ब्रेक हवा तेव्हां हात वर करतो.

पेडल दाबलेलें कां राहिलें, याचीं कारणें दोन निघालीं. मोटारसायकलच्या पेडलला वर येऊन टेंकल्यावर थोडी मोकळी चाल ठेवलेली असते. मेकॅनिक तिला खेळ म्हणतात. जांवईबापूंनीं सांगाडा बसविला तेव्हां नळींत हवा राहिल्यामुळें पेडल फार खालीं जात होतें. हवा काढण्याऐवजीं त्यांनीं दट्ट्याला ढकलणारी काठी स्क्रूनें लांब केली व पेडल वर घेतलें. हवेचें दुखणें स्क्रूनें झांकलें गेलें. खेळ जवळ जवळ संपला. उरलासुरला खेळ बर्फानें संपविला: बुटानें तुडविलेला बर्फ पेडलच्या मागच्या बेचक्यांत सांचून गोठे आणि पेडल पुरतें वर येऊं देत नसे. आम्हीं आदल्या रात्रीं हवा काढली, पण काठी तशीच लांब ठेवली. म्हणून दुसऱ्या दिवशीं दुखणें उलट लवकर उपटलें. दुरुस्तीनें रोग वाढला तो असा. यांत दोष ना मोटारसायकलचा ना सांगाड्याचा.

दुसऱ्या तक्रारी थोडक्यांत सांगतों. पेडल घट्ट आहे पण वाहन थांबत नाहीं, अशा वेळीं हवेचा संशय घेऊं नये. तबकडीवर बर्फाचा पापुद्रा धरला असेल, किंवा पॅडांवर साखळीचें तेल उडालें असेल. पहिल्याला दोनचार वेळां हळूच ब्रेक लावणें पुरतें. तेलकट पॅड मात्र बदलावेत, घांसूनपुसून त्यांचा भरंवसा धरूं नये. पाय सारखा दाबून धरला असतां पेडल सावकाश खालीं जात असेल, तर रबरी वाटी झिजली आहे किंवा कोठें तरी गळती आहे. रात्रभर उभें राहिलेलें वाहन सकाळीं जाग्यावरून हालत नसेल, तर पॅड तबकडीला गोठून चिकटले असण्याचा संभव मोठा. त्यावर कढत पाणी ओतण्याचा मोह आवरावा, कारण तेंच पाणी घटकाभरानें नवा बर्फ होतें. आदल्या संध्याकाळीं थांबण्यापूर्वीं ब्रेक दोनचार वेळां लावून तबकडी कोरडी करावी, हा खरा उपाय. कडक थंडींत ब्रेकचें तेल गोठत नाहीं, दाट होतें. उणें ४० अंशांस डॉट ४ ला जेवढ्या दाटपणाची मुभा आहे, तिच्या निम्मीच डॉट ५.१ ला आहे, म्हणून अति थंड प्रदेशांत कित्येक जण तें पसंत करतात. डॉट ५ मात्र नांवानें जवळचें दिसलें तरी निराळ्या घराण्याचें, सिलिकोनचें. तें या इतरांत मिसळूं नये.

आपल्याकडे बर्फ नाहीं, पण ओल आहे. कोंकणांतला पावसाळा ब्रेकच्या तेलाला आयडाहोच्या हिवाळ्याहून अधिक बाधक. आणि घाट उतरतांना ब्रेकवर पाय ठेवून बसण्याची संवय आपल्या मंडळींत कमी नाहीं. पाय नुसता टेंकलेला असला तरी तें छिद्र बंद होऊं शकतें. तेल दोन वर्षांनीं बदलावें असें बहुतेक वाहनांच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. मीं माझी पुस्तिका परत आल्यावर प्रथमच उघडून वाचली. फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठीं जपून ठेवण्याची काटकसर मात्र करूं नये. काटकसर मलाहि प्रिय आहे. ही तींत बसत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं काठी पुन्हां आंखूड करून पेडलला पुस्तिकेप्रमाणें खेळ दिला, जुनें तेल सगळें काढून सीलबंद बाटलींतलें नवें घातलें, आणि पेडलमागचा बर्फ खरवडण्यासाठीं एक लांकडी काटकी जांवईबापूंच्या खिशांत दिली. त्यांना पुन्हां त्याच सपाट वाटेवर पांच किलोमीटर पाठविलें. या खेपेस माझी मुलगीहि पायथ्याशीं उभी होती, व कोणाशीं बोलत नव्हती. ते परत आले तेव्हां पट्टा हातानें ओढून पाहिला, तो फिरला. मग मीं चिमूटभर बर्फ घेऊन फटींतून तबकडीवर टाकला. तो तसाच पांढरा राहिला. तें पाहून मुलगी मोटारींतून थर्मास घेऊन आली, आणि जांवईबापू चहा घेऊन डोंगराकडे निघाले.